जिंजी : तीन डोंगर, एक किल्ला

आजचा भाग मी कुंभकोणमहून करतोय. इथल्या जुन्या घरांतून अजून तंजावुरी मराठी कानावर येते. शिवाजी महाराज 1677 मध्ये याच मुलखात, कोळ्ळिडम नदीच्या उत्तर तीरावर तिरुमलवाडीला, भाऊ व्यंकोजीराजांना भेटले. त्याच मोहिमेत, भेटीच्या थोडं आधी, त्यांनी जिंजी घेतली. तमिळ माणूस तिला सेंजी म्हणतो.

सह्याद्रीच्या किल्ल्याला कातळकड्याचं आयतं संरक्षण असतं. इथे तसा कडा नाही. ग्रॅनाइटच्या घरभर धोंड्यांचे ढीग रचल्यासारखे तीन डोंगर आहेत : पश्चिमेला राजगिरी, उत्तरेला कृष्णगिरी, आग्नेयेला चंद्रगिरी. बांधणाऱ्यांनी धोंडे हलवले नाहीत, त्यांच्यामधल्या फटी चिरेबंदीने बुजवल्या. तिन्ही डोंगर जोडणारा तट सुमारे 13 किलोमीटरचा. प्रत्येक डोंगर स्वतंत्र लढू शकतो, म्हणजे एक पडला तरी किल्ला पडत नाही. वेढा घालणाऱ्याची मात्र फौज पांगते, आणि पांगलेल्या फौजेची रसद सांभाळणं हे किती जिकिरीचं काम असतं, ते फौजेत राहिलेल्यालाच कळेल.

राजगिरी सुमारे 800 फूट उंच. माथ्याजवळ वाट एका घळीशी तुटते : रुंदी साधारण 24 फूट, खोली 60. त्यावरचा लाकडी पूल काढून घेतला की मूठभर माणसं वाट अडवू शकतात. पण अडवून धरायचं तर पाणी हवं, धान्य हवं. बालेकिल्ल्यावर पाण्याची सोय आहे आणि धान्यकोठाराची जाड भिंतींची इमारत अजून उभी आहे. खाली कल्याण महालाचा निमुळता होत जाणारा बहुमजली मनोरा सगळ्यांच्या फोटोत असतो. देखणा आहे, पण माझ्या लेखी कोठार त्याहून मोलाचं.

सुरुवात कोन घराण्याने केली, मग विजयनगरचे नायक आले, 1649 मध्ये विजापूरकर. महाराजांनी घेतल्यावर तटबंदी, खंदक नव्याने केले. त्या काळच्या जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांत त्याची नोंद आहे. आपल्या घरापासून इतक्या दूरच्या किल्ल्यावर एवढा खर्च कशाला, असं तेव्हा कुणाला वाटलंही असेल.

उत्तर बारा वर्षांनी मिळालं. 1689 मध्ये संभाजी महाराज मारले गेले, रायगड पडला, येसूबाई आणि शाहू कैदेत गेले. राजाराम महाराज पन्हाळ्याहून निसटून जिंजीला पोहोचले आणि राज्याची गादी इथे आली. झुल्फिकार खानाने 1690 मध्ये वेढा घातला. तो सात वर्षांहून अधिक चालला.

आता हे सगळं श्रेय तटाला देऊ नका. 1692 च्या अखेरीस संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव बाहेरून तुटून पडले, मोगलांची रसद तोडली, तेव्हा वेढा घालणाराच वेढ्यात सापडला. मोगल छावणीत फूट इतकी, की झुल्फिकार खानाने बादशहाचा मुलगा कामबक्ष यालाच नजरकैदेत टाकलं! बाहेर अशी फौज नसती, तर आतल्या कोठारातलं धान्य कधीतरी संपलंच असतं.

1698 च्या सुरुवातीला किल्ला मोगलांकडे गेला. राजाराम महाराज त्याआधीच बाहेर पडले होते. नंतर फ्रेंच आले, 1761 मध्ये इंग्रज.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा हा. विळुप्पुरमहून बस मिळते. राजगिरी सकाळी लवकर चढा. दहानंतर ग्रॅनाइट तापतो.