जुन्या पिकअपचा सायलेन्सर

रायपूर शहराच्या पश्चिमेस टाटीबंध हा मालमोटारींच्या वर्दळीचा भाग असून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे रुग्णालयही तेथेच आहे. या रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या जुन्या पिकअपचा सायलेन्सर गंजून फुटला, म्हणजे तिचा कर्कश आवाज रुग्णांनाही सोसावा लागतो. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांत शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे. तेव्हा जुन्या सायलेन्सरच्या जागी कोणता बसवावा, हा प्रश्न एकट्या गाडीमालकाचा राहत नाही.

चार सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक इंजिनातून प्रत्येक फेऱ्यात दोन वेळा तप्त वायू दाबासह बाहेर पडतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर नळीत सेकंदाला १०० धक्के बसतात. वायूचे तापमान ३०० अंश सेल्सिअस धरल्यास त्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४८० मीटर असतो. म्हणजे या धक्क्यांची तरंगलांबी जवळजवळ ५ मीटर भरते. इतके लांब तरंग काचतंतूंच्या पातळ थरात फारसे शोषले जात नाहीत. म्हणून गाडीच्या मूळ सायलेन्सरात आडवे पडदे घालून लहानमोठे कप्पे केलेले असतात व ते छिद्रे पाडलेल्या नळ्यांनी जोडलेले असतात. कप्प्यांतून उलट फिरलेले तरंग पुढून येणाऱ्या तरंगांना भिडतात आणि दोहोंचा जोर बराचसा ओसरतो.

बाजारात दुसराही एक प्रकार मिळतो. त्यात एकच सरळ सच्छिद्र नळी असून तिच्याभोवती काचतंतू भरलेले असतात. तो तीक्ष्ण आवाज कमी करतो, पण गडगडाट तसाच राहू देतो. 'मोकळ्या' सायलेन्सरने गाडीची ताकद वाढते, ही समजूत फार पसरलेली आहे. वायूचा अडथळा कमी झाल्याचा थोडा लाभ इंजिन अतिवेगाने फिरत असताना मिळतो. ओझे घेऊन संथ चालणाऱ्या पिकअपला त्याचा उपयोग जवळजवळ नाही. उलट नळी मूळ मापाहून अरुंद घेतली, तर वायू तुंबतो, इंजिन तापते व इंधन अधिक जळते. म्हणून नळीचा व्यास आणि डब्याचे आकारमान ही दोन्ही मुळाबरहुकूम असावीत.

टिकाऊपणाचा विचार मात्र निराळा आहे. १ लिटर पेट्रोल वा डिझेल जळाले, की सुमारे १ लिटर पाणी निर्माण होते. लांबच्या प्रवासात त्याची वाफ निघून जाते. मंडई ते दुकान एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीत डबा पुरेसा तापत नाही व ते आतच साचते. त्यामुळे सायलेन्सर बाहेरून धडधाकट दिसत असताना आतून कुजतो. साध्या पत्र्यापेक्षा ॲल्युमिनियमचा लेप दिलेला पत्रा अधिक टिकतो, स्टेनलेस पोलाद त्याहूनही अधिक. पोलादाची परीक्षा लोहचुंबकाने करण्याची दुकानातील रीत येथे फसवी ठरते, कारण सायलेन्सरसाठी वापरल्या जाणाऱ्या स्टेनलेस पोलादाच्या काही जातींना चुंबक चिकटतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० अन्वये प्रत्येक वाहनाला सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. गाडीला उत्प्रेरक परिवर्तक असल्यास तो काढून तेथे नुसती नळी जोडणे हाही अपराधच होय. अनेक जुन्या गाड्यांना तो मुळातच नसतो.

डबा टांगताना मूळचे रबरी टांगणेच वापरावे. इंजिन सतत हलत असते. नळी चौकटीला घट्ट जखडली, तर जोड तडकतो. असा तडा चालकाच्या बैठकीखाली पडला, की कार्बन मोनॉक्साइड आत शिरण्याचे भय असते. त्या वायूला वास नसतो. यासाठी नवा सायलेन्सर बसविल्यावर गाडी उघड्या जागी ठेवून इंजिन थंड असतानाच सुरू करावे व जाड फडक्याने नळीचे टोक क्षणभर दाबून धरावे. कोठे फट राहिली असेल, तर त्या जोडाशी फुसफुस ऐकू येते.