जिव्या सोमा म्हसे यांची रेघ

वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या एका चित्रात कापडभर मासेमारीचं जाळं पसरलेलं आहे. बारीक पांढऱ्या रेघांचा विणकाम केल्यासारखा पट. कुठे दाट, कुठे सैल, मध्येच फुगलेला. जाळं ओढणारी माणसं त्यात शोधावी लागतात. एकही रेघ पट्टीसारखी सरळ नाही आणि एकही दुसरीची नक्कल नाही. अशी जाळी त्यांनी पुन्हा पुन्हा काढली. वारली चित्र म्हणजे त्रिकोणांची नाचणारी माणसं, एवढीच ज्यांची ओळख आहे, त्यांनी हे जाळं पाहायलाच हवं.

जिव्यांचा जन्म १९३४चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. सात वर्षांचे असताना आई गेली आणि मुलाची वाचाच बंद झाली. पुढची काही वर्षं तो धुळीत चित्रं काढून आपलं म्हणणं सांगे. नंतर डहाणूतल्या गंजाडजवळचा कलंबीपाडा हेच त्यांचं घर झालं.

वारली आदिवासींमध्ये चित्र हे परंपरेनं बायकांचं काम. लग्नघरी कुडाची भिंत सारवायची, गेरू द्यायचा आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्यानं सुवासिनींनी चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहायचा. मधोमध पालघाट देवी. लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी झाली, लग्न लागलं, की चित्राचं काम संपलं. जिव्यांना लग्नाची वाट पाहायची गरज नव्हती. ते रोज चित्र काढत बसत. पुरुषानं असं बसणं पाड्याला नवलाचं होतं, पण त्यांच्यासाठी चित्र ही बोलण्याआधीची भाषा होती, हे विसरता कामा नये.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी पाड्यांवर आले. त्याआधी बिहारच्या मिथिलेत त्यांनी बायकांच्या हाती कागद दिले होते. इथेही त्यांनी कागद आणि रंग पुढे केले. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत जिव्यांची चित्रं लागली आणि १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

याच सुमारास ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात जवळजवळ हेच घडत होतं. पापुन्या वस्तीतल्या शाळेत १९७१ साली जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या पाठिंब्यानं आदिवासी पुरुषांनी भिंतीवर मधमुंग्यांची पुराणकथा रंगवली. वाळूवर आणि अंगावर काढायच्या खुणा फळ्यांवर, मग कॅनव्हासवर आल्या. पण तिथल्या चित्रकारांनी १९७२ साली आपल्याच मालकीची कंपनी काढली, आणि माझ्या मते सगळा फरक इथे पडला. त्यांच्यातल्या क्लिफर्ड पॉसम यांचं एक मोठं चित्र एकेकाळी १,२०० ऑस्ट्रेलियन डॉलरला गेलं होतं. २००७ साली ते २४ लाख डॉलरला विकलं गेलं. ही रक्कम चित्रकाराच्या घरी गेली नाही, तरी चित्रामागचं नाव कुणी पुसलं नाही.

आपल्याकडे ते पुसलं गेलं. वारली हा नक्षीचा एक प्रकार ठरला. साड्या, चहाचे कप, रेल्वेची स्टेशनं सगळीकडे तो पोचला. आमच्या नागपुरात, बेशाकडच्या फ्लॅट स्कीमच्या भिंतींवरही तारपा या वाद्याभोवतीचा नाच दिसतो. नाच पोचला याचा आनंदच आहे. पण तो साचा लावून रंगवलेला असतो, सगळी माणसं एका मापाची, आणि खाली सही नसते. जिव्यांच्या तारप्यात प्रत्येक नाचणाऱ्याचा पाय वेगळा पडतो. बांबूच्या काडीचं टोक चावून केलेल्या कुंचल्यातून रेघ जाडबारीक होत जाते. कुणी चित्रकाराच्या नजरेनं हे पाहिलं तर जिव्यांचा हात लगेच ओळखू येतो.

परदेशात तो ओळखला गेला. १९८९ साली पॅरिसमध्ये जगभरच्या कलावंतांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यात जिव्या होते, ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग होते आणि ऑस्ट्रेलियातल्या युएंडुमूहून आलेल्या वार्लपिरी लोकांनी दालनाच्या जमिनीवर आपलं चित्र मांडलं होतं. पुढे २००३ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला लाँग आणि जिव्या या दोघांचंच प्रदर्शन झालं. २००९ साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार मिळाला. पद्मश्री मिळायला मात्र २०११ साल उजाडलं. तेव्हा त्यांचं वय सत्याहत्तरच्या घरात होतं.

१५ मे २०१८ रोजी ते गेले. सदाशिव आणि बाळू या त्यांच्या मुलांनीही हातात कुंचला धरला. त्यांची चित्रं शेजारी ठेवली तर बापाची रेघ कुठे संपते आणि त्यांची स्वतःची कुठे सुरू होते, ते नीट पाहणाऱ्याला कळतं.