राउटर चालू, पण वायफायचं नावच दिसत नाही?

काल डहाणूकर कॉलनीत एका काकूंकडे हेच झालं. राउटर चालू, पण मोबाइलमध्ये वायफायचं नाव गायब.

आधी दिवे नीट बघा. इंटरनेटचा दिवा हिरवा आणि वायफायचा बंद असेल, तर लाइन बहुधा ठीक आहे, वायफाय तेवढं बंद पडलंय.

बऱ्याच राउटरला मागे किंवा बाजूला वायफायचं छोटं बटण असतं. धूळ पुसताना ते दाबलं जातं. काकूंकडे तेच!

बटण नसेल तर लॅपटॉपला केबल लावा, राउटरखालच्या स्टिकरवरचा पत्ता (बहुतेकदा १९२.१६८.१.१) ब्राउझरमध्ये उघडा. वायरलेस सेटिंगमध्ये नाव लपवलेलं नाही ना, ते पाहा.

वायफायचा फक्त ५ गिगाहर्ट्झ बँड चालू असेल तर काही जुन्या फोनना त्याचं नाव दिसतच नाही.

रिसेटच्या भोकात लगेच पिन घालू नका! कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड पुसलं जाऊन आहे ते नेटही जाऊ शकतं.

अडलं तर दिव्यांचा फोटो टाका, बघून सांगतो.