शेवटचा कोण?

२ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ जण ५ किलोमीटर धावले. त्यातूनच दर शनिवारची विनामूल्य ‘पार्करन’ उभी राहिली आणि अनेक देशांत पोचली. इथे बक्षीस नसतं. नुसतं चाललं तरी चालतं. सर्वांच्या मागे एक स्वयंसेवक असतो, त्यामुळे दुसरं कोणीच शेवटचं येत नाही.

धावताना गप्पा मारता येत असतील, तर स्नायूंना ऑक्सिजन पुरतो आहे असं साधारणपणे समजावं. वेग वाढला की धाप लागते, वाक्य तुटतं. गप्पांचा हा वेग प्रत्येकाचा वेगळा असतो. मग सगळ्या मुलांची तुलना एकमेकांशी कशाला? शाळेच्या मैदानावर दर आठवड्याला प्रत्येकाने आपली मागची वेळ पाहावी. नेहमी मागे राहणारं मूलही हौसेनं धावेल.