सिलिॲक: जिथे सूट नको तिथे सूट, जिथे हवी तिथे बंदी

सिलिॲक आजार असलेल्या माणसाला दोन वाक्यं सतत ऐकावी लागतात. पहिलं, ‘एवढ्याशा तुकड्यानं काय होतंय?’ आणि दुसरं, ‘तुला काही सोसतच नाही, तू आपला वरणभातच खा.’ पहिलं गव्हाबद्दल असतं. दुसरं दूध, कांदा, लसूण, कडधान्यं अशा बाकी सगळ्याबद्दल. वैद्यकशास्त्र नेमकं याच्या उलट सांगतं. ग्लूटेनमध्ये कणभरही सूट नाही आणि बाकीच्या पथ्यांत मात्र झेपेल तितकी सूट द्यायची असते. घरोघरी याची उलटापालट होते आणि तिची किंमत पेशंट मोजतो. माझ्या भाचीच्या निमित्तानं हे मी जवळून पाहते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गहू, जव आणि राय या तीन धान्यांत ग्लूटेन नावाची प्रथिनं असतात. सिलिॲक असलेल्याच्या पोटात ती गेली की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व त्यांतूनच शोषलं जातं. ते उंचवटे झिजत झिजत सपाट होतात. मग माणूस भरपूर जेवला तरी लोह, कॅल्शियम, फॉलिक ॲसिड अंगी लागत नाही.

‘म्हणजे गव्हाची ॲलर्जीच ना?’

नाही. गव्हाची ॲलर्जी वेगळी. तिच्यात खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा एक-दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी श्वास कोंडतो आणि जिवावरही बेतू शकतं. सिलिॲकमध्ये असं तडकाफडकी काही होईलच असं नसतं, नुकसान आत सावकाश होत राहतं. तिसरा एक गट आहे. या लोकांना गहू खाल्ला की पोट फुगतं, दुखतं, पण सिलिॲकच्या आणि ॲलर्जीच्या तपासण्या स्वच्छ येतात. त्यांचा त्रास खरा असतो, पण गुन्हेगार दर वेळी ग्लूटेनच असतो असं नाही. नॉर्वेमधल्या संशोधकांनी २०१८ साली अशा ५९ जणांना आत काय आहे हे न सांगता आळीपाळीनं वेगवेगळे बार खायला दिले. ग्लूटेनपेक्षा फ्रुक्टन या गव्हातल्याच एका कर्बोदकानं त्यांना जास्त त्रास झाला. हेच फ्रुक्टन कांद्यात आणि लसणात असतं. गव्हाबरोबर कांदा-लसूणही बाधतो म्हणणाऱ्यांच्या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं.

‘पोट तर ठीक आहे, मग कसला सिलिॲक?’

जुलाब, फुगलेलं पोट आणि काटकुळे हातपाय हे लहान मुलांमधलं जुनं चित्र. लंडनच्या सॅम्युअल जी यांनी १८८७ साली ते तपशिलात मांडलं. पण आज निदान होणाऱ्या कितीतरी मोठ्या माणसांना पोटाची तक्रारच नसते. कुणाचं हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या घेऊनही वर येत नाही, कुणाची उंची थांबलेली असते, कुणाची पाळी उशिरा येते. कुणाला वारंवार तोंड येतं, कुणाची हाडं ऐन चाळिशीत ठिसूळ निघतात, कुणाचे गर्भपात होतात. कोपर आणि गुडघ्यांवर खाजऱ्या बारीक फोडांचे पुंजके उठणं हेसुद्धा याच आजाराचं रूप असू शकतं. माणूस बारीकच असला पाहिजे असंही नाही, वजन जास्त असलेल्यांतही सिलिॲक सापडतो. माझ्या भाचीला घरातले सगळे ‘खाण्यात हयगय करते’ म्हणून वर्षानुवर्षं बोलत होते. ती नीट जेवत होती. लोह आतड्यातून पुढे जातच नव्हतं.

‘हा परदेशातला आजार आहे’

अमेरिका-युरोपात दुकानांच्या फळ्या ग्लूटेन-फ्री खोक्यांनी भरलेल्या दिसतात, त्यामुळे तसं वाटतं खरं. भारतात वेगवेगळ्या प्रदेशांत झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला सिलिॲक आढळला, दक्षिणेत हजारात एकाला. युरोपातलं प्रमाणही शंभरात एकाच्या आसपासच आहे. उत्तर-दक्षिणेतल्या या फरकामागे दोन गोष्टींचा विचार होतो, रोजच्या ताटातला गहू आणि आनुवंशिकता. ज्या महाराष्ट्रात दोन पिढ्यांपूर्वी अनेक घरांत पोळी सणावारी व्हायची आणि एरवी भाकरी, तिथे आता दोन्ही वेळा पोळी आणि मधल्या वेळेला बिस्किट आहे, हे इथल्या डॉक्टरांनी आणि पालकांनीही ध्यानात ठेवावं.

‘आमच्या वेळी नव्हतं असलं काही’ हेही खरं नाही. होतं, पण कारण ठाऊक नव्हतं. ते हाती लागलं नेदरलँड्समध्ये. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाबद्दल आधीपासूनच संशय होता. पावाविना त्यांचे सिलिॲकचे छोटे पेशंट सुधारले आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावले. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध सादर केला आणि तेव्हापासून उपचाराची दिशा बदलली.

‘थोडंसं चालतं’

सगळ्यात जास्त हानी याच वाक्यानं होते, म्हणून हिशेबच मांडते. एका मध्यम पोळीला साधारण तीस ग्रॅम कणीक लागते. त्यात अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन असतं. संशोधनात रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन काही महिने पोटात गेल्यावर आतड्याला इजा दिसली आहे, आणि रोजचं प्रमाण १० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेकांना धोका नसतो असं मानलं जातं. म्हणजे पोळीचा पन्नासावा भाग रोज गेला तर नुकसान, आणि सुरक्षित मर्यादा पोळीच्या अडीचशेव्या भागाएवढी. तो तुकडा जेमतेम नखाएवढा. याच कारणानं किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसलेल्या पदार्थावरच ‘ग्लूटेन-फ्री’ छापता येतं, आपल्याकडेही नियम तोच आहे.

‘पण परवा खाल्लं तेव्हा काही झालं नाही’ हा पुरावा धरता येत नाही. लक्षणं न दिसताही आतडं झिजत राहू शकतं. वयात येताना अनेक मुलांना बरं वाटू लागतं आणि घरचे समजतात, मोठं झालं आणि आजार गेला. हा आजार जात नाही. यावर आजवर गोळी नाही, इंजेक्शन नाही. आयुष्यभराचं पथ्य हाच उपचार, आणि तो कसून पाळला तर आतडं भरून येतं. मुलांचं लवकर, मोठ्यांचं एक-दोन वर्षांनी किंवा त्याहून उशिरा.

पथ्य म्हणजे नुसती पोळी बंद, असं धरून चालणाऱ्या घरात ग्लूटेन कुठून कुठून शिरतं ते पाहण्यासारखं आहे. ज्वारीत, बाजरीत, नाचणीत, तांदळात ग्लूटेन नाही. पण ज्वारी गिरणीत जाते. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झालेला असतो, जात्याच्या पाळ्यांत आणि पिठाच्या कापडी नळीत कणीक बसलेली असते, आणि आपल्या डब्यात पहिल्यांदा पडतं ते आपलं पीठ नसतंच. भाचीची भाकरी सुरू होऊनही रक्तातलं प्रतिपिंडांचं प्रमाण उतरेना, तेव्हा आहारतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला, ‘दळण कुठे देता?’ आता घरघंटी आहे. धान्य निवडून, धुऊन, वाळवून तिच्यातच दळलं जातं आणि तिच्यात गहू घालायचा नाही हा घरातला नियम आहे. परात, पोळपाट-लाटणं, तवा आणि चाळणी वेगळी. चाळणी विसरतात लोक.

मग हिंग. बाजारातल्या बांधानी हिंगात शुद्ध हिंग थोडा आणि भर पुष्कळ असते, आणि ही भर बहुतेकदा मैद्याची किंवा कणकेची. फोडणी आपल्या प्रत्येक भाजी-आमटीत असते. तांदळाच्या पिठाचा किंवा नुसत्या डिंकाचा आधार असलेला हिंग मिळतो, डबीवरचं वाचून घ्यावा. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. सातूच्या पिठात डाळ्यांबरोबर गहू असतो. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. सोया सॉसमध्ये गहू, माल्ट घातलेल्या दुधाच्या पावडरींत जव. बटाटेवड्याचं आवरण बेसनाचं, पण त्याच कढईत आधी समोसे तळले असतील तर तेल बाधतं. ओट्समध्ये मुळात ग्लूटेन नसलं तरी शेतात आणि कारखान्यात त्यांत गहू-जव मिसळतात. ग्लूटेन-फ्री छापलेले ओट्ससुद्धा डॉक्टरांना विचारून, आतडं सावरल्यावरच सुरू करावेत, कारण थोड्या जणांना तेही सोसत नाहीत.

खपली गव्हाबद्दल मात्र ठणकावून सांगायला हवं. ‘आपला जुना देशी गहू आहे, पचायला हलका, सिलिॲकवाल्यांनाही चालतो’ असं छातीठोक सांगितलं जातं. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. तो सिलिॲकमध्ये चालत नाही. पीठ आंबवल्यानं, भाजल्यानं, रात्रभर भिजवल्यानंही ग्लूटेन जात नाही.

प्रसादाचा प्रश्न तर फारच नाजूक. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, आणि प्रसाद नाकारायचा नसतो ही आपली शिकवण. मूल ‘नको’ म्हणतं आणि सगळे त्याच्या आईकडे बघतात. अशा वेळी गुरुजींनी किंवा यजमानांनी नैवेद्यातलंच केळं पुढे केलं तर ते मूल अवघडून जात नाही. वसईतल्या आणि गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांपुढेही हाच पेच असतो, कारण मिस्सातली ओस्ती गव्हाची असते. पूर्णपणे ग्लूटेनविरहित ओस्ती चर्चला मान्य नाही, हे व्हॅटिकननं २०१७ साली पुन्हा स्पष्ट केलं. अत्यल्प ग्लूटेनची ओस्ती मात्र चालते, आणि तीही नको असेल तर नुसत्या द्राक्षारसाच्या रूपानं कम्युनियन घेता येतं. धर्मगुरूंशी आधी बोलून ठेवलं की झालं.

‘दूध बाधतं, कांदा बाधतो, सगळंच बंद करा’

आता दुसरी बाजू. निदानाच्या वेळी पुष्कळांना दूधही सोसत नसतं. दुधातली लॅक्टोज साखर पचवणारं विकर आतड्याच्या त्या झिजलेल्या उंचवट्यांच्या टोकांवरच तयार होतं, उंचवटे गेले की तेही गेलं. ग्लूटेन बंद करून आतडं भरत आलं की दूध पुष्कळांना पुन्हा पचू लागतं. पण एकदा बंद केलेलं दूध कुणी परत सुरू करून बघतच नाही, आणि हाडं आधीच कमकुवत असलेल्या माणसाचं कॅल्शियम तुटतं. शिवाय हे भारतातल्या अनेक प्रौढांसारखं मुळातलंच न पचणं असलं, तरी विरजलेलं दही, ताक थोडं थोडं चालून जातं, तुपात तर लॅक्टोज जवळजवळ नसतंच. दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी ही आणखी वेगळी गोष्ट, तिथे हे प्रयोग करायचे नाहीत.

कांदा, लसूण, राजमा, हरभरा यांनी पोट फुगणं त्रासाचं आहे, पण त्यानं आतड्याला ग्लूटेनसारखी इजा होत नाही. इथे प्रश्न प्रमाणाचा असतो. एका बैठकीत किती, कशाबरोबर, याचा. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठानं यासाठी जी आहारपद्धती बसवली तिच्यात कडक पथ्य दोन ते सहा आठवडेच आहे. पुढचा टप्पा एकेक पदार्थ परत आणून पाहण्याचा. आपल्याकडे लोक पहिल्या टप्प्यावर अडकून राहतात आणि तीन-चार पदार्थांवर दिवस काढतात. अशानं कुपोषण होतं, आणि जेवणाची धास्ती बसते ती वेगळीच. एक वही घ्यावी, काय खाल्लं आणि काय वाटलं ते लिहावं, एका वेळी एकच पदार्थ थोडा थोडा आणून बघावा आणि हे जाणत्या आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावं.

या घाबरलेपणाचा फायदा घेणाऱ्या एका तपासणीपासून सावध राहा. रक्ताच्या थेंबावरून शे-दोनशे पदार्थांची ‘सोसत नाही’ अशी यादी देणारी आयजीजी तपासणी महाग असते आणि निदानाला निरुपयोगी असते. आयजीजी प्रतिपिंडं आपण नेहमी खातो त्या पदार्थांविरुद्ध निरोगी माणसातही बनतात. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ सालीच ती वापरू नये असं सांगितलं आहे.

ग्लूटेन-फ्री बिस्किटं, पाव, नूडल्स म्हणजे आरोग्यदायी, हाही समज काढून टाकावा. त्यांत पुष्कळदा स्टार्च आणि साखर जास्त, तंतू कमी, आणि किंमत भरमसाट. घरची भाकरी, नाचणीचं सत्त्व, राजगिरा, वरी यांच्यापुढे ती कुठेच लागत नाहीत. ज्यांना सिलिॲक नाही त्यांनी वजन उतरवायला म्हणून ग्लूटेन सोडण्यातही काही मिळत नाही.

‘गहू सोडून बघू, बरं वाटलं तर तोच आजार’

असं कधीही करू नका. रक्तातली टीटीजी-आयजीए तपासणी आणि एंडोस्कोपीतून घेतलेली आतड्याची बायॉप्सी, दोन्हींसाठी पेशंटच्या पोटात ग्लूटेन जात असावं लागतं. आधीच गहू सोडला की प्रतिपिंडं उतरतात, आतडं सावरू लागतं आणि अहवाल खोटा निर्दोष येतो. मग निदानासाठी कित्येक आठवडे पुन्हा गहू खायला लावतात, आणि तो काळ पेशंटला फार जड जातो. जनुक तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहे असंही होत नाही, कारण ती जनुकं साधारण ३० ते ४० टक्के लोकांत असतात आणि आजार त्यांतल्या थोड्यांनाच होतो. ती निगेटिव्ह आली तर मात्र सिलिॲक जवळपास नक्की नाही.

तुमच्या घरात कुणाला सिलिॲक निघाला असेल, तर त्याच्या आईवडिलांची, सख्ख्या भावंडांची आणि मुलांची रक्ततपासणी करून घ्या, कुणालाही काही त्रास नसला तरीही. या नात्यांत साधारण दहा-पंधरांमागे एकाला हा आजार सापडतो. आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत त्यांच्या ताटातली पोळी बंद करू नका.