तहहयात न्यायाधीश

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात २०१० च्या सुमारास फेडरल कोर्टात उभं राहणाऱ्या वकिलांना न्यायासनावर वेस्ली ब्राऊन दिसत. वय १०३. नाकाला प्राणवायूची नळी, पाठीला बाक, समोर कागदपत्रं. खटला लांबणार असं दिसलं, की निकालापर्यंत आपण असूच असं नाही, याची कल्पना ते वकिलांना आधीच देत. या वयात आपण कच्ची केळीसुद्धा विकत आणत नाही, असं ते हसून सांगत. सुनावणी मात्र चोख चाले.

ब्राऊन यांचा जन्म १९०७ चा. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नौदलात काम केलं. पुढे दिवाळखोरीच्या प्रकरणांत निवाडे दिले आणि १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी त्यांना जिल्हा न्यायाधीश नेमलं. २०१२ च्या जानेवारीत वयाच्या १०४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. तोवर ते या पदावर होते.

भारतात उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ व्या वर्षी आणि सर्वोच्च न्यायालयाचे ६५ व्या वर्षी निवृत्त होतात. अमेरिकी राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमात निवृत्तीचं वयच नाही. वर्तन चांगलं असेपर्यंत पद आणि पदावर असेपर्यंत पगारात कपात नाही, ही दोन वचनं तिथे दिलेली आहेत. निकाल आवडला नाही म्हणून अध्यक्षाला न्यायाधीश घरी बसवता येऊ नये, यासाठी ही तजवीज. महाभियोग चालवून सिनेटनं दोषी ठरवलं तरच पद जातं आणि सव्वादोनशेहून अधिक वर्षांत असे अवघे आठ न्यायाधीश पदावरून दूर झाले.

या व्यवस्थेचा आराखडा १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्यानं आखला. सर्वोच्च न्यायालयात सहा न्यायमूर्ती, खाली तेरा जिल्हे. न्यायमूर्तींनाच घोडागाडीतून फिरतीवर जाऊन खटले ऐकावे लागत. ती दगदग १८९१ मध्ये स्वतंत्र अपील न्यायालयं स्थापन झाल्यावर कमी झाली. आज ९४ जिल्हा न्यायालयं, १३ अपील न्यायालयं आणि सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायमूर्ती आहेत. आपल्याकडे केंद्राचे आणि राज्याचे कायदे एकाच उतरंडीतली न्यायालयं लावतात. तिकडे प्रत्येक राज्याची न्यायालयं वेगळी आणि बहुतेक खटले तिथेच चालतात. राज्यघटनेचा प्रश्न, केंद्राचा कायदा, दिवाळखोरी किंवा दोन राज्यांतल्या नागरिकांमधला मोठ्या रकमेचा वाद असेल तर फेडरल कोर्ट.

तहहयात नेमणुकीची एक अडचण लवकरच लक्षात आली. माणूस थकतो, पण खुर्ची रिकामी होत नाही. न्यायमूर्ती रॉबर्ट ग्रियर यांची बुद्धी साथ देईनाशी झाली, तेव्हा सहकाऱ्यांनीच जाऊन त्यांना पद सोडण्याची गळ घातली आणि १८७० मध्ये ते पायउतार झाले. १९१९ मध्ये यावर ‘सीनियर जज’ ही तोड निघाली. सध्याच्या नियमानुसार वय ६५ आणि सेवा १५ वर्षं झाली, की न्यायाधीश हा दर्जा घेऊ शकतो. त्याची जागा रिकामी होते, तिथे नवी नेमणूक होते आणि जुना न्यायाधीश झेपेल तितके खटले चालवत राहतो. पूर्ण निवृत्ती घेतली तरी तेवढाच पगार मिळाला असता. म्हणजे पुढचं काम जवळजवळ विनामोबदलाच.

ब्राऊन यांनी हा दर्जा १९७९ मध्ये घेतला आणि त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ काम केलं. आपली बुद्धी मंदावतेय असं वाटलं तर स्पष्ट सांगा, असं त्यांनी जवळच्या सहकाऱ्यांना बजावून ठेवलं होतं. असे ज्येष्ठ न्यायाधीश आज देशभरातल्या फेडरल खटल्यांचा १५ ते २० टक्के भार वाहतात. ते उद्या घरी बसले तर ही न्यायालयं तुंबतील.

काळजी वाटते ती इथे. सगळेच सहकाऱ्यांना असा अधिकार देत नाहीत. फेडरल सर्किट या अपील न्यायालयाच्या न्यायाधीश पॉलीन न्यूमन यांचा जन्म १९२७ चा. त्यांना अध्यक्ष रेगन यांनी १९८४ मध्ये नेमलं. वैद्यकीय तपासणीवरून वाद झाला आणि २०२३ मध्ये सहकारी न्यायाधीशांनी त्यांना नवे खटले देणं थांबवलं. आपण पूर्ण सक्षम आहोत, असं सांगत न्यूमन यांनी त्याविरुद्ध कोर्टात दाद मागितली. पद आहे, पगार आहे, पण खटले नाहीत, अशी ही कोंडी. ती सोडवण्याचा सरळ मार्ग कायद्यात सापडत नाही.

दुसरा गुंता राजकारणाचा. सीनियर होण्याची वेळ न्यायाधीश स्वतः ठरवतो आणि रिकामी जागा भरतो तो त्या वेळचा अध्यक्ष. २०२४ ची निवडणूक झाल्यावर काही न्यायाधीशांनी सीनियर होण्याचा आधी जाहीर केलेला निर्णय मागे घेतला. नि:पक्षपातीपणासाठी दिलेलं संरक्षण अशा वेळी पक्षीय हिशेबाचं साधन वाटू लागतं आणि कोर्टावरचा लोकांचा विश्वास डळमळतो.

शिवाय मुळात जागाच अपुऱ्या आहेत. देशभर मोठ्या प्रमाणावर न्यायाधीशपदं वाढवणारा शेवटचा कायदा १९९० चा. कॅलिफोर्नियाच्या पूर्व जिल्ह्यात १९७८ पासून सहाच पदं आहेत, लोकसंख्या मात्र कितीतरी वाढली. २०२४ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून साठहून अधिक नवी पदं टप्प्याटप्प्यानं निर्माण करण्याचं विधेयक आणलं. पुढचा अध्यक्ष कोण हे कळण्याआधीच ते मंजूर व्हावं, म्हणजे फायदा कुणाचा हा प्रश्न उरणार नाही, ही त्यामागची भूमिका. सिनेटनं ते ऑगस्टमध्ये संमत केलं. प्रतिनिधीगृहानं निवडणुकीचा निकाल लागेपर्यंत ते हातातच घेतलं नाही आणि डिसेंबरमध्ये अध्यक्ष बायडेन यांनी नकाराधिकार वापरला. तेच विधेयक पुढच्या वर्षी पुन्हा मांडलं गेलं, पण आता पहिल्या जागा कोण भरणार हे दोन्ही पक्षांना ठाऊक आहे.