मातीच्या धरणांतील अंतर्गत मृदाक्षरण : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात

कोयना धरण रबल काँक्रीटचे असले, तरी कृष्णेवरील धोम व वारणेवरील चांदोली या धरणांचा मोठा भाग मातीचा आहे. मातीच्या भरावातून थोडा पाझर होणे स्वाभाविक होय. परंतु पाझराबरोबर मातीचे कण वाहू लागणे धोक्याचे ठरते. कण प्रथम पायथ्याशी सुटतात, झीज जलाशयाच्या दिशेने सरकते आणि भरावात नळीसारखी पोकळी तयार होते. यालाच ‘पायपिंग’ असे म्हणतात. पोकळी जलाशयास भिडताच भराव अल्पावधीत खचतो. ५ जून १९७६ रोजी अमेरिकेतील टीटन धरण याच प्रक्रियेने फुटले.

यावरील प्रमुख उपाय म्हणजे गाभ्यालगतचा वाळूचा गाळणी थर. त्याच्या कणांचा आकार गाभ्याच्या मातीशी प्रमाणबद्ध ठेवण्याचा निकष तेरझागी यांनी मांडला. त्यायोगे पाणी निघून जाते व कण अडतात.

२ जुलै २०१९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले. त्यापूर्वी ग्रामस्थांनी गळतीच्या तक्रारी केल्या होत्या. पाझर वाढतो आहे काय, पाणी गढूळ येते काय, या नियमित नोंदी म्हणजेच वेळेवर मिळणारा इशारा होय.